कापडी माउसपॅड जड होणे, घसरणे, माउस अडकणे : तपासणीचा क्रम, धुलाई आणि टिकाऊ पॅडची निवड

रत्नागिरीतील एका गेमिंग कॅफेत चौदा संगणकांची देखभाल मी काही वर्षांपासून करतो आहे. दरवर्षी जून संपत आला की तीच तक्रार सुरू होते : "दादा, माउस जड झालाय, पॅड बदला." सुरुवातीला मी मागणी आली की नवा पॅड टाकत असे, आणि पुढच्या जुलैत तोही तितकाच जड झालेला असे. मग जुना पॅड टाकून देण्याआधी तो नीट तपासायचा असा नियम मी स्वतःला घालून घेतला. त्यातून असे दिसले की बहुतेक वेळा दोष कापडाचा नसतो. तो कापडात मुरलेल्या मळाचा, माउसच्या पायांचा (तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांचा) किंवा हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या खिडकीत अडकलेल्या एखाद्या केसाचा असतो. खरोखर निकामी झालेले पॅडही निघाले, पण त्यांतले बरेचसे मुळात चुकीचे विकत घेतलेले होते. त्यामुळे या लेखात आधी लक्षणे, मग फुकट होणाऱ्या तपासण्या, नंतर धुलाई आणि शेवटी खरेदी असा क्रम ठेवला आहे. तो क्रम मोडून थेट खरेदीकडे जाऊ नये, कारण मूळ दोष माउसमध्ये असेल तर तो नव्या पॅडवरही तसाच राहतो.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे जडपणा. माउस जागेवरून हलवायला नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो आणि एकदा सुटला की तो हव्या त्या जागेच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. हाताच्या मोठ्या हालचालीत हे फारसे कळत नाही, परंतु खेळात शत्रूच्या डोक्याशेजारी आलेला क्रॉसहेअर (नेम धरण्याची खूण) केसभर सरकवायचा असतो तेव्हा हमखास कळते.

दुसरे लक्षण असमानतेचे आहे. पॅडच्या मधोमध एक गती, कडेला दुसरी. किंवा आडव्या हालचालीत माउस सहज जातो आणि उभ्या हालचालीत खरखरतो.

तिसऱ्या प्रकारात हाताला काहीच वेगळे लागत नाही, पण पडद्यावर कर्सर मध्येच उडी मारतो, थरथरतो किंवा माउस स्थिर असतानाही हळूहळू सरकत राहतो.

चौथ्या प्रकारात माउसबरोबर पॅडच सरकतो, त्याला वळी पडते किंवा त्याचे कोपरे वर उचलले जातात. याखेरीज मनगटाच्या आतल्या बाजूला कडेची शिलाई घासून लाल वळ उठणे, हात पॅडला चिकटणे, आणि पावसाळ्यात पॅडला कुबट वास येणे या तक्रारीही वरचेवर येतात.

आपले लक्षण यांपैकी कोणते हे आधी निश्चित करावे, कारण जडपणा आणि कर्सरची उडी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घर्षणाची, दुसरी सेन्सरच्या दृष्टीची. खेळणारा दोन्हींना "माउस अडकतोय" एवढेच म्हणतो आणि तिथेच निदान चुकते.

एका मिनिटाची तपासणी : पॅड फिरवून पाहणे

पॅड जागच्या जागी १८० अंशांत फिरवावा, म्हणजे माउस ज्या भागावर रोज चालतो तो भाग दुसऱ्या बाजूला जाईल आणि फारसा न वापरलेला भाग हाताखाली येईल. मोठ्या पॅडवर, जिथे डावी बाजू कीबोर्डखाली झाकलेली असते, ही तपासणी फार स्पष्ट उत्तर देते. फिरवल्यावर माउस पूर्वीसारखा हलका झाला, तर दोष पॅडच्या त्या विशिष्ट भागात आहे, म्हणजे मळ किंवा झीज. काहीच फरक पडला नाही, तर संशय माउसवर जातो. पॅड चौरसाच्या जवळपास जाणारा असेल तर ९० अंशांतही फिरवून पाहावा. कापडात ताणा आणि बाणा असे दोन दिशांचे धागे असतात, आणि काही विणींमध्ये त्या दोन दिशांचे घर्षण सारखे नसते. पॅड फिरवल्यावर खरखर आडवीची उभी झाली, तर तो विणीचा स्वभाव आहे आणि तो धुऊन जाणार नाही.

त्यानंतर माउस एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून चालवावा. कागदावर कर्सर स्वच्छ चालतो आणि पॅडवर उडतो, असे असेल तर पॅडवरचे चित्र हे कारण असू शकते. ऑप्टिकल माउस म्हणजे एक लहानसा कॅमेरा आहे. तो सेकंदाला हजारो चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील सूक्ष्म खुणा किती सरकल्या यावरून हालचाल मोजतो. आताच्या चांगल्या सेन्सरांना बहुतेक रंग चालतात, पण जुन्या किंवा स्वस्त सेन्सरांना गडद काळ्यावरून भडक लालावर जाताना अडचण येते. कागदावरही कर्सर उडत असेल तर पॅडला दोष देणे थांबवावे.

पाच मिनिटांची तपासणी : माउस उलटा करून पाहणे

माउस बंद करावा, उलटा धरावा आणि मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात सेन्सरची खिडकी पाहावी. तिथे केस, कापडाचा तंतू किंवा धुळीचा कण असेल तर तो फुंकर मारून काढावा आणि न निघाल्यास कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच उचलावा. गेमिंग माउसच्या सेन्सरची भिंग पृष्ठभागापासून साधारण २.४ मिलिमीटर उंचीवर बसवलेली असते आणि एवढ्याशा जागेत आडवा आलेला एक केस सेन्सरला पृष्ठभागाचाच भाग वाटतो. घरात मांजर असेल तर ही तपासणी दर आठवड्याला करावी. तोंडातली थुंकी आत जाऊ नये म्हणून फुंकर मारण्यासाठी मी रबरी पंप वापरतो.

नंतर पाय पाहावेत. चांगल्या माउसचे पाय पीटीएफई या पदार्थाचे असतात, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणून ओळखतो. नवे असताना त्यांच्या कडा गोलाकार आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. वापराने त्यांच्या कडेला काळ्या मळाची एक रेघ जमते आणि ती कापडावर ब्रेकसारखी घासत राहते. ओलसर कपड्याने, आणि हट्टी मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंबभर घेतलेल्या बोळ्याने, ही रेघ पुसावी. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नये. पायावर पडलेला चरा पुढे कापडाचे धागे ओढतो. कॅफेत जडपणाच्या बऱ्याच तक्रारी केवळ एवढ्याने मिटतात.

याच वेळी माउस काचेवर किंवा स्टीलच्या ताटाच्या सपाट पाठीवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. तो डगमगत असेल तर एखादा पाय उचकटलेला किंवा झिजलेला आहे. वायरलेस माउस डगमगत असेल आणि त्याचे तळाचे प्लास्टिक फुगल्यासारखे दिसत असेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगल्याची शक्यता आहे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे. तोवर तो माउस चार्जिंगला लावू नये.

संगणकातील तपासणी

विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमधील "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" हा पर्याय चालू असेल, तर हात जितका वेगाने हलेल तितका कर्सर प्रमाणाबाहेर पुढे जातो. ज्या खेळांत माउसचे थेट मोजमाप घेतले जाते तिथे त्याचा परिणाम होत नाही, पण बाकी ठिकाणी होतो, आणि मग "पॅड कधी हलका, कधी जड" असा भास निर्माण होतो. तो पर्याय बंद करावा. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभागाचे कॅलिब्रेशन (सेन्सरला पॅडची ओळख करून देण्याची सोय) असेल तर पॅड बदलल्यावर ते पुन्हा करावे, कारण जुन्या पॅडची नोंद नव्या विणीवर लागू पडत नाही.

वायरलेस माउसचा रिसीव्हर संगणकाच्या मागच्या बाजूला, यूएसबी ३.० च्या पोर्टवर, शेजारी लावलेल्या पेन ड्राइव्हजवळ असेल, तर कर्सर अडखळण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. यूएसबी ३.० च्या वहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलत असतो. रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने पुढे आणून पॅडच्या शेजारी ठेवावा. माउसच्या डब्यात ती वायर बहुधा आलेली असते आणि बहुधा डब्यातच राहते.

टेबल आणि पॅडचा तळ

पॅड सरकत असेल तर आधी टेबल पुसावे. रबराची पकड रबर टेबलाला प्रत्यक्ष टेकण्यावर अवलंबून असते. मधे धुळीचा थर आला की ते रबर धुळीवर सरकते. पॅडचा तळ ओल्या कपड्याने पुसून पूर्ण कोरडा करावा, आणि टेबल सनमायकाचे असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे. सनमायकावर खोबरेल तेलाच्या हाताचा पातळ थर बसलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पॅडला जाणवतो. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर मात्र रबराचा तळ महिनोन्‌महिने तसाच ठेवू नये, कारण काही रबरांतील तेलकट घटक पॉलिशमध्ये उतरून डाग पडतो. मधे पातळ काच किंवा कडक पुठ्ठा टाकावा.

आपल्याकडील संगणकाच्या जुन्या टेबलांना कीबोर्डसाठी सरकता ट्रे असतो, आणि अनेक घरांत माउसही त्याच ट्रेवर चालतो. तो ट्रे हाताच्या भाराने खालीवर होतो. पॅड कितीही उत्तम असला तरी डगमगत्या ट्रेवर नेम स्थिर राहत नाही. माउस वरच्या फळीवर घेऊन एक दिवस खेळून पाहावे. त्याला काहीच पैसे पडत नाहीत.

गुंडाळून ठेवलेल्या पॅडचे कोपरे उचलले जात असतील तर तो कापडाची बाजू बाहेर राहील अशी उलटी गुंडाळी करून काही तास ठेवावा आणि मग जाड पुस्तकांखाली रात्रभर सपाट दाबावा. इस्त्री फिरवू नये. कापड आणि रबर यांच्यामधला चिकट थर उष्णतेने सुटतो आणि मग पॅडवर बुडबुडे येतात.

धुलाई, आणि पावसाळ्यात पॅड जड का होतो

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ही तक्रार वर्षानुवर्षे माझ्याकडे येते आणि तिचे खरे कारण फार थोड्यांना पटते. पॉलिएस्टर हा पाणी न धरणारा धागा आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. म्हणजे स्वच्छ पॉलिएस्टरच्या पॅडवर दमट हवेचा परिणाम होतो तो मर्यादित. मात्र वर्षभर त्याच कापडात हाताचा घाम, त्वचेचे तेल आणि मृत त्वचेचे कण मुरलेले असतात. घामात मीठ असते, आणि आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढू लागते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकते. पॅडमध्येही तेच घडते. कोरड्या एप्रिलमध्ये जो मळ गप्प बसलेला होता, तो जुलैमध्ये ओला होऊन चिकट होतो. माउस स्थिर असताना तो पायांना धरून ठेवतो, आणि हात जोर लावतो तेव्हा एकदम सोडतो. वर सांगितलेले "थोडे पुढे जाऊन थांबणे" हे यातूनच येते.

यावर अनेक मुले कॅरमची पावडर टाकतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. अर्धा तास माउस लोण्यासारखा चालतो. नंतर ती पावडर घामाबरोबर कापडाच्या विणीत घट्ट बसते, पायांच्या कडेला लगदा होतो आणि बारीक कण सेन्सरच्या खिडकीत जातात. टाल्कम पावडरचेही तसेच. कृपया असे करू नये.

धुण्याची पद्धत सोपी आहे, पण धीराची आहे. प्लास्टिकच्या टबात किंवा न्हाणीघराच्या स्वच्छ फरशीवर पॅड सपाट पसरावा, साधे किंवा जेमतेम कोमट पाणी ओतावे, भांडी घासण्याच्या द्रवाचे काही थेंब मऊ स्पंजवर घेऊन विणीच्या दोन्ही दिशांनी हलकेच चोळावे. पाणी राखाडी होते. ते पाहिल्यावर पुढे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. कपड्यांची किंवा अंगाची साबणवडी वापरू नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणवडीचा चोथा तयार होतो आणि तो कापडात अडकतो. भांड्यांच्या द्रवातले डिटर्जंट तसा चोथा धरत नाही. त्यानंतर फेस पूर्ण जाईपर्यंत धुवावे, आणि यात घाई करू नये, कारण मागे राहिलेला साबण पुन्हा ओल धरतो. कपडे मऊ करणारा द्रव, ब्लीच, कडक ब्रश आणि वॉशिंग मशीन या चारही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

पॅड पिळू नये. जाड टॉवेलवर कापडाची बाजू खाली करून ठेवावा आणि वरून तळहाताने दाबत पाणी काढावे. वाळवताना उन्हात टाकू नये, कारण उन्हाने रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. कपडे वाळत घालण्याच्या स्टँडवर सपाट पसरून पंख्याखाली ठेवावा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. आमच्याकडे जुलैमध्ये दोन दिवस लागतात. पॅड वाळला का हे मधल्या भागावरून ठरवू नये. कडेची शिलाई सर्वांत शेवटी वाळते, म्हणून तिथे टिश्यू पेपर दाबून पाहावा. ओलसर पॅड टेबलावर पसरला तर तळाला बुरशी लागते, आणि तळाच्या फोममध्ये शिरलेला कुबट वास पुन्हा धुऊनही जात नाही. त्यामुळे कॅफेत प्रत्येक टेबलामागे नव्हे, पण दर तीन टेबलांमागे एक जादा पॅड मी ठेवतो, म्हणजे एक वापरात असताना दुसरा निवांत वाळू शकतो.

घरी रोज दोन-तीन तास खेळणाऱ्याने दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मेअखेर नक्की, पॅड धुवावा. हात चिकटण्याचा त्रास असेल तर दुचाकीवर उन्हापासून संरक्षणासाठी घालतात त्या बाह्या उजव्या हातात घालाव्यात. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाह्याही त्याच जातीच्या ताणणाऱ्या कापडाच्या असतात.

पाय बदलणे

धुतलेल्या, कोरड्या पॅडवरही माउस खरखरत असेल आणि पाय चपटे किंवा चरे पडलेले असतील, तर नवे पाय घ्यावेत. हा काही शेकड्यांचा खर्च आहे. जुने पाय काढून, खालचा डिंक पूर्ण पुसून मगच नवे चिकटवावेत. जुन्यावर नवे चिकटवले तर माउस वर उचलला जातो, सेन्सरचे पृष्ठभागापासूनचे अंतर वाढते आणि जडपणाच्या जागी कर्सरची उडी सुरू होते. काचेचे पायही मिळतात. ते फार वेगाने सरकतात, पण त्यांची कड नीट घासलेली नसेल तर कापड लवकर झिजते. कापडी पॅडवर मी पीटीएफईच पसंत करतो.

पॅड खरोखर संपला आहे हे कसे ओळखावे

खिडकीजवळ नेऊन पॅड डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरावा. माउस चालतो त्या जागी कापड चकाकत असेल, आणि धुतल्यानंतरही ती चकाकी तशीच असेल, तर धाग्यांची टोके घासून सपाट झाली आहेत. ती परत येत नाहीत. बोटाने चाचपल्यावर तळाच्या फोममध्ये खळगा लागत असेल, कापड आणि रबर सुटून मधे हवा धरत असेल, किंवा तळाचे रबर भुगा होऊन टेबलावर सांडत असेल, तरीही पॅडची मुदत संपली. या टप्प्यावर आणि याच टप्प्यावर नव्या पॅडचे पैसे खर्च करावेत.

नवा पॅड निवडताना

पहिला प्रश्न आकाराचा, आणि तो अंदाजाने नव्हे, मोजून सोडवावा. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात माउसच्या एका मोजणीला, सेन्सिटिव्हिटी (खेळातील वेगाची सेटिंग) १ असताना, दृष्टी ०.०२२ अंश फिरते. ८०० डीपीआयवर (म्हणजे माउस एक इंच सरकला की ८०० मोजण्या) पूर्ण ३६० अंश वळायला साधारण ५२ सेंटीमीटर लागतात, म्हणजे मागे वळून पाहायला २६. व्हॅलोरंट या तशाच दुसऱ्या खेळात ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी ठेवणाऱ्याला पूर्ण फेरीसाठी सुमारे ४१ आणि मागे वळायला साधारण २०.५ सेंटीमीटर लागतात. आता ४५ सेंटीमीटर रुंदीच्या पॅडच्या मधोमध माउस ठेवला, तर त्याची स्वतःची रुंदी वजा करता एका बाजूला जेमतेम १९ सेंटीमीटर उरतात. म्हणजे व्हॅलोरंटच्या त्या सेटिंगला हा पॅड थोडक्यात कमी पडतो आणि काउंटर-स्ट्राइकच्या त्या सेटिंगला माउस उचलून ठेवावाच लागतो. आपली सेटिंग घेऊन हे गणित एकदा वहीत मांडावे.

९० सेंटीमीटर लांबीच्या मोठ्या पॅडवर माउसला खूप जास्त जागा मिळते, असा एक गैरसमज फार पसरलेला आहे. पूर्ण आकाराचा कीबोर्ड सुमारे ४४ सेंटीमीटरचा असतो. तो त्या पॅडवर ठेवला की माउसला उरतात ४६, म्हणजे सुट्या मध्यम पॅडइतकेच. नंबर पॅड नसलेला कीबोर्ड साधारण ३६ सेंटीमीटरचा असतो आणि तेव्हा मात्र ५४ उरतात. शिवाय मोठा पॅड धुवायचा म्हणजे सगळे टेबल रिकामे करायचे, त्यामुळे तो धुतलाच जात नाही, आणि न धुतलेला पॅड जड होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात किंवा गोव्यात खेळणाऱ्याने ४५ ते ५० सेंटीमीटर रुंद आणि ४० खोल असा सुटा पॅड घ्यावा. बाजारातील ओळखीच्या पॅडपैकी लॉजिटेकचा जी६४० हा ४६० बाय ४०० मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर जाड आहे. स्टीलसिरीजचा क्यूसीके मोठ्या आकारात ४५० बाय ४०० आणि २ मिलिमीटर जाड येतो. हे दोन आकार डोळ्यांपुढे ठेवून बाकीच्यांची तुलना करता येते.

जाडी टेबलावर अवलंबून ठेवावी. टेबल सपाट आणि काचेसारखे असेल तर २ मिलिमीटर पुरतात. सनमायकाचा जोड, खिळ्याचे डोके किंवा जुने ओरखडे असतील तर ३ ते ४ घ्यावेत. त्याहून जाड पॅड मनगटाला गादीसारखा वाटतो, परंतु मऊ फोमचा असेल तर हाताच्या भाराखाली दबतो; माउसचे पाय खाली रुततात आणि हालचाल जड होते. काही खेळाडूंना हे मुद्दाम हवे असते, कारण माउस दाबला की तो तिथेच थांबतो. ज्यांचा खेळ हलत्या शत्रूचा सतत पाठलाग करण्याचा आहे, त्यांनी कडक तळ आणि गुळगुळीत वीण निवडावी. ज्यांना एका जागी नेमके थांबून गोळी मारायची आहे, त्यांनी थोडी खरखरीत वीण आणि मध्यम मऊ तळ घ्यावा.

टिकाऊपणा मात्र तळावर आणि कडेवर ठरतो. दुकानात पॅड हातात घ्यायला मिळत असेल तर अंगठा दहा सेकंद दाबून धरावा आणि सोडावा. खळगा लगेच भरून आला तर तळ चांगला आहे; रेंगाळत भरला तर सहा महिन्यांत कायमचा खळगा पडेल. एक कोपरा नखाने सोडवून पाहावा : कापड आणि रबर वेगळे होऊ लागले तर तो पॅड तिथेच ठेवावा. पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर घासावा आणि रंग उतरतो का ते पाहावे. चित्र धाग्यात मुरवलेले असेल तर बोटाला चित्राची जागा वेगळी लागत नाही; वरून थर दिलेला असेल तर ती जागा गुळगुळीत किंवा रबरी लागते, आणि माउसलाही ती तशीच लागेल. एकरंगी पॅड मला सर्वांत भरवशाचा वाटतो. दिवे लावलेल्या पॅडची वायर आणि कडक कड धुलाईत अडचणीची ठरते, म्हणून तो मी कॅफेत कधीच ठेवला नाही.

कडेला शिलाई हवी, पण ती कापडाच्या पातळीच्या खाली बसलेली हवी. बिनशिलाईच्या पॅडचे धागे कडेपासून उसवू लागतात, तर उंच शिलाई मनगटाला घासते आणि दमट हवेत त्या जागी पुरळ उठते. शिलाईवरून मनगटाची आतली, नाजूक बाजू फिरवून पाहावी. इथे बोटांवर विश्वास ठेवू नये, बोटांची कातडी जाड असते. ऑनलाइन घेत असल्यास कडेचे जवळून घेतलेले छायाचित्र आहे का ते पाहावे आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी हीच चाचणी घरी करावी. पहिले काही दिवस रबराचा वास येणे स्वाभाविक आहे. वाऱ्यावर ठेवून आठवड्यानंतरही रॉकेलसारखा उग्र वास राहिला तर पॅड परत करावा.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

माउस उघडण्याची वेळ आली की थांबावे. स्क्रू बहुधा पायांखाली असतात, आतल्या पट्टीच्या वायरी नाजूक असतात, आणि वॉरंटी असेल तर ती जाते. सर्व तपासण्यांनंतरही कागदावर कर्सर उडत असेल, तर माउस दुरुस्ती करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावा. फुगलेल्या बॅटरीचा माउस दाबून बसवण्याचा, टोचण्याचा किंवा चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये. तो बंद करून, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून, थेट सेवा केंद्रात न्यावा.

संगणकाच्या पत्र्याच्या डब्याला किंवा लोखंडी टेबलाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ती पॅडमधली स्थिर वीज समजून दुर्लक्ष करू नये, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा हवा दमट असते आणि स्थिर वीज साचण्याची शक्यताच कमी असते. अर्थिंग नसणे किंवा तुटणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. संगणकाचा स्विच बंद करावा, पिन काढावी आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. तो येऊन तपासेपर्यंत संगणक सुरू करू नये.

आणि मनगट. नवा पॅड, मऊ शिलाई, योग्य उंचीची खुर्ची यांनी घासण्याचा आणि अवघडण्याचा त्रास कमी होतो. परंतु अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा कप धरताना पकड सुटत असेल, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब आलेला असू शकतो. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या धारेवर टेकण्याची सवय तपासावी. हा त्रास विश्रांतीनंतरही आठवड्याभरात कमी झाला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आमच्या कॅफेत रोज येणाऱ्या एका मुलाने पाच महिन्यांत तीन पॅड बदलले आणि डॉक्टरांना हात दाखवला सहाव्या महिन्यात. त्यानंतर त्याला बरेच दिवस माउस धरता आला नाही.